स्ट्रेन वेव्ह गिअर: वाकणाऱ्या कपाचा हिशेब

रोबोटच्या कोपरात मोटर बसवताना अडचण ठरलेली असते. छोटी मोटर मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारते, पण तिच्यात जोर नसतो. हाताला हवेत मिनिटाला दहा-पंधरा फेरे आणि भरपूर जोर. म्हणजे मधे शंभरपट घट करणारा गिअर हवा, तो मुठीत मावणारा हवा आणि त्यात प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, नको. साध्या गिअरांनी इतकी घट मिळवायला दोन-तीन टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्याचा प्ले हाताच्या टोकाशी जाणवतो. स्ट्रेन वेव्ह गिअर तेच काम एका टप्प्यात करतो. बाजारात त्याला सरसकट ‘हार्मोनिक ड्राइव्ह’ म्हणतात. ते मुळात व्यापारी नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्या जातीला चिकटलं.

अमेरिकेत सी. वॉल्टन मसर यांनी १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मंजूर झालं. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत चंद्रावर उतरलेल्या गाडीच्या चारही चाकांत ८०:१ रेशोचा (मोटरचे ८० फेरे, चाकाचा एक) असाच गिअर होता. आज कारखान्यातल्या रोबोटांच्या मनगटापासून दुर्बिणींच्या माउंटपर्यंत तो सापडतो.

नवख्या माणसाचं लक्ष यात आधी दातांकडे जातं, आणि तिथेच गफलत होते. या गिअरमधली अवघड गोष्ट दात नव्हे. एक पातळ भिंतीचा कप मुद्दाम, मोजून, सतत वाकवला जातो, ती अवघड गोष्ट आहे. मोटर मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल तर कपाची भिंत तासाला १ लाख ८० हजार वेळा आतबाहेर होते. निवड, आराखडा, जोडणी, बिघाड, सगळं या वाकण्यावर येऊन ठेपतं.

तीन भाग आणि एक लाट

सर्वांत आत असतो वेव्ह जनरेटर: एक लंबगोल चकती आणि तिच्यावर चढवलेलं, चकतीबरोबर लंबगोल होऊ शकणारं पातळ कड्यांचं बेअरिंग. हा मोटरच्या शाफ्टवर बसतो. त्याच्यावर येतो फ्लेक्सस्प्लाइन, म्हणजे पातळ भिंतीचा स्टीलचा कप. उघड्या तोंडाशी बाहेरून बारीक दात, आणि बुडाला बोल्टांसाठी भोकं. सर्वांत बाहेर सर्क्युलर स्प्लाइन: जाड, ताठ कडं, दात आतल्या अंगाला. पुढे यांना जनरेटर, कप आणि कडं म्हणू.

जनरेटर आत गेला की कपाचं तोंड लंबगोल होतं. लांब अक्षाच्या दोन्ही टोकांना कपाचे दात कड्याच्या दातांत पूर्ण बसतात, आखूड अक्षाच्या टोकांना पूर्ण सुटतात. मोटर फिरली की हा लांब अक्ष फिरतो. कप त्याच्याबरोबर गरगर फिरत नाही, त्याच्या भिंतीतून फक्त वाकण्याची लाट फिरते. कपावर कड्यापेक्षा दोन दात कमी असतात, म्हणून लाटेचा एक फेरा पुरा झाला की कप दोन दात मागे सरकलेला असतो.

रेशोचं गणित एवढंच. कडं पक्कं धरून आउटपुट कपातून घेतलं तर रेशो म्हणजे कपाचे दात भागिले दातांमधला फरक. कपाला २०० आणि कड्याला २०२ दात असतील तर २०० ÷ २ = १००, आणि आउटपुट मोटरच्या उलट दिशेने. कप पक्का धरून आउटपुट कड्यातून घेतलं तर २०२ ÷ २ = १०१, आणि दिशा मोटरचीच. प्रोग्राममध्ये १०१ च्या जागी १०० लिहिलं गेलं तर हात प्रत्येक पूर्ण फेऱ्यामागे सुमारे साडेतीन अंश चुकतो. मग लोक मोटरच्या स्टेप हरवल्या म्हणून ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) बदलत बसतात.

फरक दोनच का? लंबगोलाला दोन टोकं असतात आणि दोन्हीकडे दात एकाच वेळी बसायला हवेत, म्हणून. तीन टोकांचा जनरेटर केला तर फरक तीनाच्या पटीत लागेल. दोन टोकांच्या जनरेटरवर एका दाताचा फरक चालत नाही. एका टोकाला दात खाचेत बसतो तेव्हा समोरच्या टोकाला दातासमोर दात येतो.

वाकण्याचं गणित, एकदाच पण नीट

पिच व्यास म्हणजे दात जिथे एकमेकांना भिडतात त्या कल्पित वर्तुळाचा व्यास, आणि मॉड्यूल म्हणजे तो व्यास भागिले दातांची संख्या. कड्याचा आणि कपाचा पिच व्यास दोन मॉड्यूलने वेगळा, म्हणजे त्रिज्या एका मॉड्यूलने वेगळी. म्हणून लांब अक्षाशी भिंत साधारण एक मॉड्यूल बाहेर ढकलावी लागते. त्याहून कमी ढकलली तर दात अर्धवट बसतात, जास्त ढकलली तर बेअरिंग आवळलं जातं.

भिंत वाकली की तिच्या पृष्ठभागावर विकृती येते, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत ताणलं किंवा दबलं जाणं. पातळ कड्याच्या सूत्रातून, दोन दातांच्या फरकासाठी, ती अशी निघते:

विकृती ≈ १.५ × भिंतीची जाडी ÷ (रेशो × भिंतीची त्रिज्या)

मॉड्यूल आणि दातांची संख्या यात दिसत नाहीत, कारण ती रेशो आणि त्रिज्येत आधीच आली आहेत. त्रिज्या २५ मिमी, भिंत ०.५ मिमी, रेशो १०० घेतला तर विकृती ०.०००३. स्टीलसाठी २,०६,००० मेगापास्कलने गुणलं की सुमारे ६२ मेगापास्कल. रेशो ५० केला तर १२४. रेशो ३० केला तर २०६. आणि हे फक्त गुळगुळीत भिंतीच्या वाकण्याचं. दाताच्या बुंध्याशी ताण एकवटतो तो वेगळा, टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा, पीळ वेगळा, कप तोंडाशी लंबगोल आणि बुडाशी गोल असल्यामुळे येणारा तिरकेपणा वेगळा. स्टीलमध्ये ३० च्या खालचा रेशो सहसा का मिळत नाही, ते इथे कळतं. कमी रेशो हवा असेल तर प्लॅनेटरी गिअर घ्यावा, हट्ट धरू नये.

दुसरा धडा जाडीचा. ‘कप तुटतो, मग भिंत जाड करू’ हा पहिला विचार येतो आणि तो उलटा पडतो. जाडी दुप्पट केली की वाकण्याचा ताण दुप्पट. टॉर्कमुळे भिंतीत येणारा पीळाचा ताण तुलनेने लहान असतो. वरच्याच कपात ४० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर तो सुमारे २० मेगापास्कल भरतो. म्हणजे बहुतेक वेळा कप ओझ्याने नाही, वाकण्याने थकतो.

म्हणून धातूचा कप निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मिश्र पोलादाचा करतात. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ईएन २४ म्हणून जे मिळतं, त्याच जातीचं. कडं वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या तारेच्या मशीनवर) करून घेता येतं आणि बरं होतं. कपाचे दात मात्र वायरकटवर कापू नयेत. तार जिथून जाते तिथे वितळून पुन्हा गोठलेला ठिसूळ थर राहतो. ताठ कड्याला तो चालून जातो, पण वाकणाऱ्या कपात भेग तिथूनच सुरू होते.

तयार गिअर निवडताना

कॅटलॉगमध्ये साईज १४, १७, २०, २५ अशी दिसते. हा आकडा म्हणजे दातांचा पिच व्यास इंचात, गुणिले दहा: २० म्हणजे सुमारे २ इंच. (नेमा १७ या स्टेपर मोटरच्या मापातला १७ सुद्धा १.७ इंच सांगतो, पण तो मोटरच्या चौकोनी तोंडाचा. दोन्ही १७ आहेत म्हणून जोडी जमेलच असं नाही.)

टॉर्कचे चार आकडे असतात. नवखा माणूस त्यातला सगळ्यात मोठा बघून साईज ठरवतो, आणि तो आकडा नेमका रोज वापरायचा नसतो. उदाहरणार्थ, १४ साईजच्या १०० रेशोच्या गिअरसाठी तक्त्यात साधारण असे आकडे येतात: रेटेड टॉर्क ७.८ न्यूटन-मीटर, सरासरी टॉर्कची मर्यादा ११, वारंवार येणाऱ्या शिखर टॉर्कची २८, आणि क्षणिक धक्क्याची ५४. रेटेड आकडा मोटरच्या २००० फेरे प्रति मिनिट या वेगाला धरलेला असतो आणि आयुष्याच्या हिशेबात तोच येतो.

एक हात घेऊ. हाताचं वजन १.५ किलो, त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून २०० मिमीवर. टोकाला, ४५० मिमीवर, १ किलोची वस्तू. हात आडवा असताना लागणारा टॉर्क:

१.५ × ९.८१ × ०.२ + १ × ९.८१ × ०.४५ = ७.३६ न्यूटन-मीटर

जडत्व: ४०० मिमी लांबीची सारखी पट्टी धरून हाताचं ०.०८, वस्तूचं ०.२०२५, मिळून सुमारे ०.२८ किलो-मीटर वर्ग. हा हात ०.३ सेकंदात शून्यावरून सेकंदाला ९० अंशांवर न्यायचा तर आणखी १.४८ न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे वेग घेताना ८.८४, स्थिर वेगात ७.३६, थांबताना ५.८८. हात सतत आडवाच आहे असं सगळ्यात वाईट धरलं आहे.

आता सरासरी. साधी सरासरी इथे फसवते, कारण जास्तीचा टॉर्क आयुष्य फार वेगाने खातो. म्हणून घनाची सरासरी काढतात. प्रत्येक टप्प्याचा टॉर्कचा घन × त्या टप्प्यातला मोटरचा सरासरी वेग × वेळ, यांची बेरीज करायची. तिला वेग × वेळ यांच्या बेरजेने भागायचं आणि घनमूळ घ्यायचं. रेशो १०० असल्याने स्थिर वेगात मोटर १५०० फेऱ्यांवर, वेग घेताना आणि थांबताना सरासरी ७५० वर. वेळा ०.३, ०.७ आणि ०.३ सेकंद. उत्तर ७.४५ न्यूटन-मीटर. ११ च्या मर्यादेत बसलं. शिखर ८.८४, तेही २८ च्या बरंच खाली.

आयुष्य: एक चक्र ४ सेकंदांचं, उरलेला वेळ हात स्थिर. तर मोटरचा सरासरी वेग ३७५ फेरे. कॅटलॉगमध्ये अशा गिअरचं मूळ आयुष्य बहुधा ७००० तास दिलेलं असतं, दहातला एक निकामी होईपर्यंतचं. मग

७००० × (७.८ ÷ ७.४५) चा घन × (२००० ÷ ३७५) ≈ ४२,८०० तास

हे आयुष्य जनरेटरवरच्या बेअरिंगचं, दातांचं नाही. नीट निवडलेल्या आणि नीट जोडलेल्या गिअरमध्ये आधी थकतं ते बेअरिंग.

राहिला क्षणिक धक्का: आपत्कालीन थांबा, किंवा हात कशावर तरी आदळणं. याची संख्याही मोजून दिलेली असते: १०,००० ला (२ × मोटरचे प्रति सेकंद फेरे × धक्क्याची वेळ) याने भागायचं. १५०० फेऱ्यांवर ०.०५ सेकंदाचा धक्का असेल तर १०,००० ÷ २.५ = ४००० वेळा. लाल बटण रोजचं ‘बंद’ बटण म्हणून वापरलं तर हा कोटा हळूहळू खर्च होतो. शिवाय हात आदळतो तेव्हा मोटरच्या रोटरचं जडत्व रेशोच्या वर्गाने, म्हणजे दहा हजार पटीने, आउटपुटला जाणवतं. अडलेल्या हातावर खरा घाव रोटरच घालतो.

टॉर्क जुळला म्हणजे काम झालं असं नाही. ताठपणाही बघा. समजा कॅटलॉगमधला ताठपणा ४७०० न्यूटन-मीटर प्रति रेडियन आहे. ७.३६ चं ओझं आलं की कप ०.०९ अंश पिळतो आणि ४५० मिमीवरचं टोक ०.७ मिमी खाली जातं. मोटरवरच्या एन्कोडरला, म्हणजे तिचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला, हे दिसतच नाही. प्ले नाही हे खरं, पण गिअर ताठ आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

याच ताठपणातून कंप येतो. ०.२८ जडत्वाच्या हाताची नैसर्गिक वारंवारता इथे सुमारे २० हर्ट्‌झ निघते. या गिअरची बारीक चूक मोटरच्या एका फेऱ्यात दोनदा येते. म्हणून मोटर साधारण ६१५ फेऱ्यांच्या आसपास आली की हात थरथरतो, पुढे गेली की शांत होतो. या वेगावर रेंगाळू नका, झटकन ओलांडा. रोबोट हळू चालवला की जास्त हलतो, या नेहमीच्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

कार्यक्षमता ६० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान धरावी. कमी ओझं, जास्त वेग आणि थंड ग्रीस असेल तर ती आणखी घसरते. पहाटेच्या गारठ्यात चालू होताना मोटर कुंथली तर गिअर बिघडला असं लगेच समजू नका. आणि हा गिअर स्वतःहून अडून राहत नाही. वीज गेली की आडवा हात हळूहळू खाली येतो, म्हणून गुरुत्वाविरुद्ध काम करणाऱ्या सांध्याला ब्रेक लागतोच.

शिकण्यासाठी एक छापून बघा

थ्रीडी प्रिंटरवरचा गिअर कारखान्यात चालणार नाही, पण वाकणं म्हणजे काय ते हाताला कळतं. रेशो ३० चा, ०.४ मिमी नोझलवर निघणारा आराखडा असा:

- मॉड्यूल १, कपाला ६० दात, कड्याला ६२, दातांची रुंदी ८ मिमी.
- कप, न वाकवलेला: दातांची टोकं ३०.७ मिमी त्रिज्येवर, बुंधे २९.१ वर, आतली भिंत २७.९ वर. म्हणजे भिंत १.२ मिमी, तीन रेघांची.
- कडं: दातांची टोकं ३०.३ मिमी त्रिज्येवर, बुंधे ३१.९ वर, बाहेरचा व्यास किमान ८० मिमी.
- दातांच्या मध्यापासून कपाच्या बुडापर्यंत ३० मिमी.

हे आकडे तपासून घ्या, म्हणजे स्वतःचा वेगळा आराखडा करता येईल. लांब अक्षाशी कप १ मिमी बाहेर गेला की दाताचं टोक ३१.७ वर येतं, कड्याचा बुंधा ३१.९ वर, म्हणून ०.२ मिमी फट. दात एकमेकांत १.४ मिमी शिरतात. आखूड अक्षाशी टोक २९.७ वर जातं आणि कड्याच्या टोकापासून ०.६ मिमी सुटतं. हे सुटणं फार महत्त्वाचं. दातांची उंची हौसेने वाढवली तर आखूड अक्षाशी दात घासतात आणि गिअर जाम होतो. कॅडमधल्या नेहमीच्या गिअर-साधनाने पूर्ण उंचीचे, २० अंशांचे दात काढून छापले, की नेमकं हेच घडतं. इथे दात बुटके हवेत आणि बाजू ३० अंशांच्या, सरळ ठेवल्या तरी चालतील. दोन्हीकडच्या दातांची जाडी छपाईच्या चुकीसाठी ०.१ मिमी कमी करा.

३० मिमीच्या खोलीत १ मिमीचं ढकलणं म्हणजे भिंत सुमारे १.९ अंश तिरकी होते. दातांच्या पुढच्या कडेला ढकलणं १.१३ मिमी आणि मागच्या कडेला ०.८७ भरतं. वरची ०.२ ची फट यासाठीच आहे. जागा वाचवायला कप १५ मिमी खोल केला तर तिरकेपणा दुप्पट होतो, पुढची कडा रुतते आणि मागची नुसती लोंबते.

कप पीईटीजी किंवा नायलॉन या प्लॅस्टिकमध्ये छापा, तोंड वर करून, म्हणजे भिंतीतल्या रेघा वर्तुळाकार जातात आणि वाकणं रेघेच्या लांबीने होतं. आडवा छापला तर थर एकमेकांपासून सुटतात. बुडाच्या आतल्या कोपऱ्याला ३ मिमीची गोलाई द्या. पीएलए सुरुवातीला छान चालतं आणि मग रुसतं: जनरेटर आत ठेवून आठवडाभर ठेवला की कप त्याच आकारात बसतो, दातांची पकड ढिली होते. कडं मात्र पीएलएचं असलेलं चांगलं, ते ताठच हवं.

जनरेटरसाठी नेहमीचं ६८ मालिकेतलं पातळ बेअरिंग लंबगोल चकतीवर ठोकून बसवायचा मोह होतो. त्याची कडी वाकण्यासाठी केलेलीच नसतात. बसलं तरी गोळ्या अडकतात. त्यापेक्षा छोटी बेअरिंगं रोलरसारखी वापरा. ६२३ नंबरची, म्हणजे ३ मिमी भोक, १० मिमी बाहेरचा व्यास, ४ मिमी रुंदी. एकावर एक दोन अशी सहा जागी, एकूण १२. लांब अक्षावरच्या दोन जागांची केंद्रं मध्यापासून २३.९ मिमीवर. त्यांच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर चार जागा, केंद्रं २३.३ वर. ही चार किंचित सैल ठेवली आहेत, म्हणजे मुख्य भार लांब अक्षावरच राहतो आणि बाकीची भिंतीला आकार देतात. फक्त दोनच बेअरिंगं लावली तर भिंत टोकाशी टोचल्यासारखी होते, मोजकेच दात पकडतात आणि थोड्या ओझ्याने कप घसरतो.

बेअरिंगं धरणाऱ्या दोन चकत्याही लंबगोल करा, कपाच्या आतल्या पृष्ठभागापासून सगळीकडे किमान १ मिमी आत. मधे एम३ चे बोल्ट, बेअरिंगच्या आतल्या कड्यालाच टेकतील असे बारीक वॉशर, आणि मोटरच्या ५ मिमी शाफ्टसाठी धातूचा हब. नुसत्या प्लॅस्टिकच्या भोकात डी आकाराचा शाफ्ट दोन दिवसांत गोल भोक पाडतो.

एक सवय लावून घ्या: चकत्या तीन मापांच्या छापा, मुख्य केंद्र २३.८, २३.९ आणि २४.० मिमीवर. प्रत्येक प्रिंटर थोडा वेगळा छापतो. २३.८ ला प्ले लागला आणि २४.० ला मोटर कण्हली, तर मधलं बरोबर. कप पुन्हा छापण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

आउटपुटचं ओझं कपाच्या बुडावर टांगू नका. कप फक्त टॉर्क पोचवतो. हाताला आधार द्यायला ६८१० सारखी दोन मोठी बेअरिंगं थोडं अंतर सोडून लावा. कारखान्यातल्या गिअरमध्ये हे काम क्रॉस रोलर बेअरिंग करतं.

जोडणीचा क्रम

धातूचा असो वा छापलेला, क्रम एकच.

१. कडं चौकटीत बसवा, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा.
२. कपाचं बूड आउटपुटला जोडा. बोल्टांची आणि भोकांची तेलकट घाण पुसून घ्या. दाबणारी चकती किंवा वॉशर बुडाच्या जाड भागाबाहेर जाता कामा नये. ते बुडाच्या पडद्यासारख्या पातळ भागावर टेकलं की भेग नेमकी त्या कडेने जाते.
३. दातांना, कपाच्या आत आणि बेअरिंगला ग्रीस द्या. धातूला निर्मात्याने सांगितलेलंच, दोन जातींची मिसळ न करता. छापलेल्याला सिलिकॉन ग्रीस.
४. जनरेटर सर्वांत शेवटी. शाफ्ट हळूहळू फिरवत आत सरकवा. हातोडी दूर ठेवा.
५. जनरेटर पुढेमागे सरकणार नाही असा अडवा. घट करत चालताना तो कपाच्या बुडाकडे ओढला जातो, आउटपुटकडून फिरवला तर उलट. नुसत्या ग्रब स्क्रूवर सोडला तर काही दिवसांनी जागा सोडतो.
६. कडं, कप आणि मोटर एका अक्षात आहेत का ते डायल गेजने बघा. छोट्या धातूच्या गिअरमध्ये इथली सवलत मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते.

चौथी पायरी आधी केली तर कप लंबगोल होऊन बसतो आणि मग कडं चढवताना एका बाजूचे दात जास्त, दुसऱ्या बाजूचे कमी असे अडकू शकतात. दात बसलेले दिसतात, पण लंबगोल मध्यापासून सरकलेला असतो. याला डेडॉइडल स्थिती म्हणतात. ओळखायची खूण: हाताने फिरवताना फेऱ्यात एका जागी जड, एका जागी हलकं लागतं, मोटरचा करंट वरखाली होतो, गिअर लवकर तापतो. असा गिअर चालवून बघू नये. जनरेटर काढून पुन्हा बसवावा, कारण याच अवस्थेत थोड्याच वेळात कप फुटतो.

छापलेला गिअर जोडल्यावर आधी पेनने आउटपुटवर खूण करून मोटर बरोबर ३० फेरे फिरवा. खूण उलट दिशेने फिरून जागेवर यायला हवी. मग मोटर मिनिटाला ३०० फेऱ्यांवर अर्धा तास, ओझं न लावता. त्यानंतर जनरेटर काढून भिंतीच्या आत बघा. बेअरिंगच्या रेघा उथळ आणि सारख्या असतील तर ठीक. एकाच बाजूला खोल असतील तर अक्ष चुकलाय.

जोर मोजायला २०० मिमीची पट्टी आणि सामान तोलायचा काटा पुरतो. टोकाशी १ किलोचा ओढा म्हणजे १.९६ न्यूटन-मीटर. हळूहळू वाढवा आणि पहिला ‘टक’ आवाज आला की थांबा. दात एक घर उडी मारून गेले. ०.४ न्यूटन-मीटरची नेमा १७ मोटर ६० टक्के कार्यक्षमतेने इथे ७.२ पर्यंत देऊ शकते, पण छापलेले दात बहुधा त्याआधीच उडी मारतात. आपली रोजची मर्यादा त्या पहिल्या ‘टक’ च्या निम्मी ठेवा.

धातूच्या गिअरमध्ये अशी उडी एकदाही परवडत नाही. दातांच्या कडा चेपतात, कण ग्रीसमध्ये मिसळतात आणि कप डेडॉइडल होऊन बसतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त आवाजात बारीक खरखर येते. तेव्हा उघडा, ग्रीस पांढऱ्या कपड्यावर पुसून बघा. करडी झाक सुरुवातीच्या काळात येतेच. चकाकणारे कण दिसले तर दात किंवा बेअरिंग गेलं. कपावर भेग शोधायची ती दोन जागी: दातांच्या बुंध्यांत आणि भिंत बुडाला मिळते त्या गोलाईत. बुंध्यातली भेग बहुतेकदा जास्त टॉर्कची किंवा उडीची. गोलाईतली भेग वाकड्या जोडणीची किंवा दुसऱ्या पायरीतल्या मोठ्या वॉशरची. फक्त कप बदलून तोच वॉशर परत लावला, तर नवा कपही तिथेच जातो.

छापलेला गिअर आठवडाभर वापरायचा नसेल तर जनरेटर काढून ठेवा आणि कप मोकळा, उभा ठेवा.